सोडियम ११२ : एका रुग्णाच्या पेशीपटलांवर काय काय घडलं

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांच्या बाई, वजन ५० किलोच्या आसपास. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बीपी बरंच जुनं. एका गोळीने ते आटोक्यात येईना, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी थायझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी जोडीला दिली गेली. दुसऱ्या आठवड्यापासून मळमळ सुरू झाली, खाणं निम्म्यावर आलं, चालताना तोल जाऊ लागला. अशक्तपणा आहे, पाणी कमी पडतंय, असा घरच्यांचा समज झाला आणि दिवसभर कोणी ना कोणी पाण्याचा पेला पुढे करत राहिलं. शेवटच्या दोन दिवसांत बाई असंबद्ध बोलू लागल्या. मग आकडी आली आणि त्यांना दवाखान्यात आणलं.

तातडीच्या विभागात पोचल्या तेव्हा त्या गुंगीत होत्या. हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. अर्ध्या तासात दुसरी, छोटी आकडी आली. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. रक्ताचे अहवाल आले ते असे : सोडियम लिटरला ११२ मिलीमोल (सर्वसाधारण १३५ ते १४५), पोटॅशियम २.८ (३.५ ते ५), साखर १०८, युरिया २४. रक्ताची परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २३६, लघवीची ४२०. लघवीतलं सोडियम ४८.

कोणत्याही वॉर्डात दिसू शकेल असं हे चित्र आहे. तरी हे प्रकरण निवडलं, कारण पहिल्या चोवीस तासांत घ्यावा लागलेला प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नाशी येऊन थांबत होता : कोणत्या पेशीच्या पटलातून आत्ता काय आरपार जातंय, आणि किती वेगाने? शाळेत 'निवडक्षम पारपटल' ही व्याख्या पाठ केलेली असते. त्या निवडीला एक वेगही असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

सोडियम कमी म्हटलं की मीठ कमी पडलं, असं नातेवाइकांनाच काय, कधी कधी डॉक्टरांनाही वाटतं. पण ११२ हा आकडा लिटरमागचा आहे. तो खाली येतो तो बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे, आणि ते पाणी रक्तात थांबून राहत नाही. ते पेशींत शिरतं.

पेशीपटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. आतला भाग तेलकट असल्याने विद्युतभार असलेल्या आयनांना तो जवळजवळ बंद असतो. कृत्रिमरीत्या बनवलेल्या निव्वळ मेदाच्या थरातून पाण्याचा रेणू सोडियमच्या आयनापेक्षा अब्ज पटींच्या घरात सहज जातो. खऱ्या पेशीत तर पाण्यासाठी खास प्रथिनांचे मार्ग असतात, त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने १९९२ साली बेडकाच्या अंडपेशींत हे प्रथिन बनवून दाखवलं. ज्या अंडपेशींत ते होतं त्या सौम्य द्रावणात टाकताच फुगून फुटल्या, शेजारच्या साध्या अंडपेशी तशाच राहिल्या. अ‍ॅग्रेंना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या एका मार्गातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, तेही एकामागोमाग एक रांगेने.

सोडियमची गोष्ट उलटी. ते पेशीत हळूहळू झिरपतं आणि पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप ते सतत बाहेर काढत राहतो. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करून ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये या पंपाचं वर्णन केलं, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. या अखंड कामामुळे सोडियम प्रत्यक्ष व्यवहारात बाहेरचं आणि पोटॅशियम आतलं ठरतं. बाहेरचं सोडियम पातळ झालं की पाणी परासरणाने आत जातं, पेशी फुगते. पंप सोडियम काढतो, पण पाण्याला अडवणं त्याच्या हातात नाही.

हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर कुणाला कळतही नाही. मेंदू कवटीत बंद आहे. तिथे पेशी फुगल्या की दाब वाढतो, आणि आकडी, गुंगी, शेवटी श्वास थांबणं अशी पुढची पायरी असते. म्हणजे या बाईंच्या बाबतीत काही तासांत काहीतरी करणं भाग होतं.

पण अडचणीची दुसरी बाजू इथेच सुरू होते. आठवडाभर लक्षणं होती, म्हणजे मेंदूच्या पेशींना जुळवून घ्यायला वेळ मिळाला होता. फुगलेली पेशी गप्प बसत नाही. पहिल्या काही तासांत ती पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडते. पुढच्या दोनेक दिवसांत टॉरिन, ग्लुटामेट, मायो-इनोसिटॉल असे छोटे सेंद्रिय रेणूही टाकून देते. आतलं द्रव्य कमी झालं की पाणीही बाहेर पडतं आणि आकार बऱ्यापैकी पूर्ववत होतो. पेशी फुगल्यावर उघडणारा हा मार्ग असतो हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना कित्येक दशकं माहीत होतं. तो कोणत्या प्रथिनांचा बनतो (एलआरआरसी८ नावाचं कुटुंब) हे मात्र २०१४ मध्ये उलगडलं.

आता ही जुळवून घेतलेली, आतून रिकामी झालेली पेशी समोर आहे आणि आपण बाहेरचं सोडियम झपाट्याने वाढवलं, तर? पाणी लगेच बाहेर येईल, कारण त्याचा मार्ग उघडाच आहे. टाकून दिलेले सेंद्रिय रेणू मात्र परत आत घ्यायला सोडियमच्या जोडीने ओढणारे वाहक पटलावर लागतात. ते वाहक बनवण्यासाठी पेशीला आधी जनुकं कामाला लावावी लागतात. या साऱ्याला कित्येक दिवस जातात. तेवढ्या काळात पेशी आक्रसते, मेंदूतल्या आधार देणाऱ्या तारकापेशी मरतात आणि मग चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच क्रम दिसला आहे. १९५९ मध्ये अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पॉन्स या भागातली अशी हानी प्रथम नोंदवली. आधी रुग्ण सुधारतो, बोलू लागतो, आणि दोन ते सहा दिवसांनी गिळणं, बोलणं, हातपाय हलवणं जातं.

हे वाक्य वाचायला लागतात त्यापेक्षा कमी सेकंदांत पाणी पटल ओलांडतं, आयनांना तास लागतात, सेंद्रिय रेणूंना दिवस. उपचार यांतल्या कुठल्या वेगाला धरून करायचा, ही खरी अडचण होती.

पहिला निर्णय : आकडी थांबवायला काय द्यायचं

चार पर्याय समोर होते.

साधं, ०.९ टक्क्याचं सलाईन सगळ्यात सोपं. सगळीकडे असतं, हात आपोआप तिकडेच जातो. त्यात लिटरला १५४ मिलीमोल सोडियम, म्हणजे रुग्णाच्या ११२ पेक्षा जास्तच. तरीही ते नाकारलं गेलं, आणि त्यामागचा विचार मला पटतो. लघवीची परासारिता ४२० होती, म्हणजे मूत्रपिंड पाणी धरून ठेवत होतं. अशा वेळी दिलेलं मीठ थोड्याशा घट्ट लघवीतून निघून जाऊ शकतं आणि सोबतचं पाणी अंगात राहतं, त्यामुळे सोडियम आणखी घसरू शकतं. उलट शरीरातला द्रव खरंच कमी झाला असेल, तर तोच द्रव भरून निघाल्यावर मूत्रपिंड एकदम पाणी सोडायला लागेल आणि सोडियम उसळेल. दोन विरुद्ध दिशांपैकी कुठली, हे आधी सांगता येत नाही. आकडी येणाऱ्या माणसावर अशी पैज लावायची नसते.

दुसरा पर्याय नुसतं पाणी बंद करण्याचा. लक्षणं सौम्य असती तर ठीक होता. इथे तो मुळातच अपुरा होता.

तिसरा मॅनिटॉलचा. ते हाताशी होतं आणि डोक्यातला दाब कमी करायला रोज वापरलं जातं. मॅनिटॉल पेशीत शिरत नाही, म्हणून ते पाणी पेशीबाहेर खेचतं हे खरं. पण खेचलेलं पाणी रक्तात येऊन सोडियम आणखी पातळ करतं, आणि पुढचे काही तास सोडियमच्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं.

चौथा पर्याय ३ टक्के सलाईनचा. लिटरला ५१३ मिलीमोल सोडियम असलेलं हे अतिपरासारी द्रावण पेशींतून पाणी लगेच बाहेर ओढतं. उद्दिष्ट छोटं ठेवायचं असतं : सोडियम ४ ते ६ ने वाढवायचं. मेंदूवरचा दाब उतरायला बहुतेकदा तेवढं पुरतं. १३५ गाठायची घाई कुणालाच नसते.

तेच ठरलं. मात्र ठरल्यावर थोडा वेळ गेला, कारण निवासी डॉक्टरांना मानेतल्या मोठ्या शिरेत नळी टाकायची होती. 'तीन टक्के हाताच्या शिरेतून दिलं तर शीर जळेल' हा समज जुना आणि चिवट आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या सलाईनच्या बाबतीत तो विचारात घ्यावा, पण १५० मिलीलिटरचा एक डोस १०-२० मिनिटांत हाताच्या चांगल्या शिरेतून जातो. वरिष्ठांनी तसंच द्यायला सांगितलं.

अंदाज आधी कागदावर मांडला होता. वयस्क स्त्रीच्या वजनाच्या सुमारे ४५ टक्के पाणी धरलं, तर ५० किलोला साडेबावीस लिटर. एक लिटर ३ टक्के सलाईनने सोडियम किती वाढेल? ५१३ मधून ११२ वजा करायचे आणि २३.५ ने (साडेबावीस अधिक दिलेला एक लिटर) भागायचं, म्हणजे सुमारे १७. त्या हिशेबाने १५० मिलीलिटरला अडीच. दोन डोस म्हणजे पाच.

इथे एक लक्षात घेण्यासारखं आहे. भागायचं ते सगळ्या शरीराच्या पाण्याने, फक्त रक्ताच्या पाण्याने नाही, जरी दिलेलं सोडियम पेशींत शिरणारच नसलं तरी. कारण सोडियम बाहेर राहिलं तरी पाणी सगळीकडून त्याच्याकडे धावतं आणि पटलाच्या दोन्ही बाजूंची परासारिता समान करतं. विद्यार्थी इथे हमखास अडतात आणि पेशीबाहेरच्या दहा लिटरने भागून बसतात.

दोन डोस गेले. दोन तासांनी सोडियम ११७. आकडी परत आली नाही, बाईंनी डोळे उघडून घरच्यांना ओळखलं. सिस्टर "आजी, तुमचं नाव सांगा बरं" म्हणाल्या तर नाव तर सांगितलंच, वर मला आजी कशाला म्हणता, असंही विचारलं. ३ टक्के सलाईन तिथेच थांबवलं.

पहिल्या चोवीस तासांची मर्यादा ठरली : एकूण वाढ ८ च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे १२० हे छत. पोटॅशियम कमी असणं आणि पोषण नीट नसणं ही मायलिन झडण्याची जोखीम वाढवणारी कारणं आहेत, म्हणून ही सावध मर्यादा. त्यातले ५ आधीच खर्च झाले होते.

दुसरा निर्णय : पोटॅशियमचं सोडियमशी नातं

हा भाग मला सगळ्यात शिकवण्याजोगा वाटतो, कारण चूक होता होता टळली आणि ती चूक अगदी साळसूद दिसत होती.

पोटॅशियम २.८ होतं, ईसीजीवर त्याची चिन्हं दिसत होती. ते भरून काढणं योग्यच. आदेश लिहिला गेला : साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ६० मिलीमोल पोटॅशियम क्लोराइड, बारा तासांत. सोडियमच्या तक्त्यावर याची नोंदच झाली नसती, कारण हा 'पोटॅशियमचा' उपचार होता.

आता पटलावर काय होतं ते पाहा. पोटॅशियमची कमतरता मुख्यतः पेशींच्या आत असते. गोळीमुळे ते लघवीतून जात राहिलं तसं पेशींनी आपलं पोटॅशियम बाहेर सोडलं आणि त्याच्या जागी थोडं सोडियम आत घेतलं. दिलेलं पोटॅशियम पेशींत शिरलं की हे सोडियम पुन्हा बाहेर येतं. आणि पोटॅशियम क्लोराइडला सोबत घेऊन आत गेलं, तर पाणीही त्याच्या मागोमाग आत जातं आणि बाहेरचं सोडियम घट्ट होतं. कुठल्याही वाटेने गेलं तरी निष्कर्ष एकच : शिरेतून किंवा तोंडावाटे दिलेलं पोटॅशियम रक्तातलं सोडियम जवळजवळ तितकंच वाढवतं जितकं तेवढंच सोडियम वाढवेल.

म्हणून त्या लिटरचा हिशेब १५४ चा राहत नाही, १५४ अधिक ६० असा होतो, म्हणजे २१४. त्यातून ११७ वजा करून २३.५ ने भागलं की ४ च्या थोडं वर. एकटी ती बाटली बाईंना १२१ वर घेऊन गेली असती, मूत्रपिंडाने काहीही न करता. ठरवलेलं छत १२० चं.

औषध तपासणाऱ्या फार्मासिस्टने हा हिशेब मांडला. ते डॉक्टर नव्हते. असं क्वचित होतं आणि व्हायला हवं, म्हणून नोंदवतो.

पर्याय तीन होते. पोटॅशियम थांबवायचं, तर हृदयाच्या ठोक्यांची जोखीम. तेच पोटॅशियम साध्या सलाईनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या पाण्यातून द्यायचं, तर सोडियम कमी चढेल, पण साखरेने इन्सुलिन सुटेल, इन्सुलिन पंपाचा वेग वाढवेल आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलेल. २.८ चं आणखी खाली जायला नको होतं. तिसरा पर्याय : मळमळ थांबलीच आहे, तर तोंडावाटे द्रव औषध, बारा तासांत ४० मिलीमोल, सोबत सलाईन काही नाही. त्याने सोडियम पावणेदोनच्या आसपास वाढेल हे धरूनच चालायचं. तोच निवडला.

तिसरा निर्णय : लघवी एकदम वाढली

नवव्या तासाला पिशवीत तासाभरात ३०० मिलीलिटर लघवी आली, पाण्यासारखी स्वच्छ. दहाव्या तासाला सोडियम १२१. लघवीची परासारिता ४२० वरून ९५ वर आलेली.

घरच्यांना आनंद झाला. 'किडनी चालू झाली.' एका अर्थी खरंच होतं ते.

मूत्रपिंडातल्या गोळा करणाऱ्या नलिकांच्या पेशींना दोन बाजू असतात. रक्ताकडच्या पटलावर पाण्याचे मार्ग कायम असतात. लघवीकडच्या पटलावर ते असतातच असं नाही. अ‍ॅक्वापोरिन-२ हे प्रथिन पेशीच्या आत छोट्या पुटिकांमध्ये साठवलेलं असतं. रक्तात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आलं की त्या पुटिका पटलात जाऊन मिसळतात, पटलाला पाण्याची छिद्रं पडतात आणि पाणी परत शरीरात घेतलं जातं. संप्रेरक ओसरलं की पटलाचा तो तुकडा आत वळून प्रथिन परत पेशीत जातं. पेशी आपलं पटल कामापुरतं बदलते आणि काम झालं की पूर्ववत करते, दोन्ही काही मिनिटांत.

बाईंच्या शरीरात आठवडाभर व्हॅसोप्रेसिन चढलेलं होतं. मळमळ हे त्याचं फार जोरदार कारण आहे, द्रव कमी होणं हे दुसरं. जोडीला थायझाइड. हे औषध नलिकेच्या दूरच्या भागातला सोडियम-क्लोराइडचा एकत्रित वाहक अडवतं. लघवी सौम्य करण्याचं काम त्याच भागात होतं, त्यामुळे ते बिघडतं, आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यातला खारेपणा मात्र शाबूत राहतो. म्हणून पाणी ओढून घेण्याची ताकद कायम. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा दुसरा गट, लूप गटातली औषधं, हा खारेपणाच मोडतात, त्यामुळे त्यांच्याने सोडियम इतकं क्वचित घसरतं.

मळमळ थांबली, थोडा द्रव मिळाला, गोळी बंद झाली. व्हॅसोप्रेसिन उतरलं, अ‍ॅक्वापोरिन-२ आत गेलं आणि साठलेलं पाणी धो धो बाहेर पडू लागलं. तासाला ३०० मिलीलिटर या गतीने, काही न करता, सकाळपर्यंत सोडियम १२५ पलीकडे गेलं असतं.

इथे तिघांची तीन मतं पडली. एकाचं म्हणणं, १२१ म्हणजे मर्यादेच्या एकानेच वर, रुग्ण उत्तम बोलतोय, पाहत राहू. दुसऱ्याचं, डेक्स्ट्रोजचं पाणी देऊन लघवीतून जातंय तेवढं भरून काढू. तिसऱ्याचं, नळ उघडा ठेवून बादली भरण्यात अर्थ नाही, आधी मूत्रपिंडाचा पाण्याचा मार्ग बंद करा.

पहिलं मत सगळ्यात मोहात पाडणारं होतं, कारण समोरचा माणूस बरा दिसत होता. पण या आजारात बरं दिसणं काहीच सांगत नाही. हानी झाली तर ती कळते काही दिवसांनी. दुसऱ्यात मागे धावण्याचा दोष होता. लघवी कधी ३०० तर कधी ४००, आणि प्रत्येक वेळी आपण तासाभराने मागे.

शेवटी तिसरं आणि दुसरं एकत्र केलं. डेस्मोप्रेसिन २ मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं. हे व्हॅसोप्रेसिनसारखंच, पण नलिकेवरच्या व्ही२ ग्राहकावर नेमकं काम करणारं औषध आहे. सोबत ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला १५० मिलीलिटर, तीन तास. डेक्स्ट्रोज पेशी वापरून टाकतात, मागे उरतं ते शुद्ध पाणी. ज्या बाईंना पाणी जास्त झालं म्हणून आणलं, त्यांना पाणी देतोय आणि वर पाणी धरून ठेवणारं संप्रेरकही देतोय, हे मुलाला समजावताना डॉक्टरांना चांगलाच घाम फुटला असणार. मुलाने दोनदा विचारलं, "डॉक्टर, नक्की?"

दीड तासात लघवी तासाला ४० मिलीलिटरवर आली. चौदाव्या तासाला सोडियम ११९. अपेक्षेप्रमाणे एक छोटा फटका बसला : डेक्स्ट्रोजमुळे इन्सुलिन वाढलं आणि ३.३ पर्यंत आलेलं पोटॅशियम ३.१ वर उतरलं. तोंडावाटे २० मिलीमोल आणखी दिलं, ते सोडियमच्या हिशेबात धरून.

पुढे काय झालं

चोवीस तासांनी सोडियम ११९, म्हणजे एकूण वाढ ७. दुसऱ्या दिवशी डेस्मोप्रेसिन दर आठ तासांनी चालू ठेवलं आणि ३ टक्के सलाईन अगदी मंद गतीने दिलं. मूत्रपिंडाचा दरवाजा बंद असल्याने किती दिलं की किती चढेल हे आता सांगता येत होतं. अठ्ठेचाळीस तासांनी १२५. मग डेस्मोप्रेसिन थांबवलं, पाणी मोजून दिलं. पाचव्या दिवशी १३३, पोटॅशियम ४.१.

बाई सातव्या दिवशी चालत घरी गेल्या. महिन्याभराच्या तपासणीत बोलणं, गिळणं, चालणं सगळं नीट. मेंदूचा एमआरआय केला नाही. लक्षण नसताना त्याची गरजही नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

थायझाइडने सोडियम घसरतं ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि वयस्क, सडपातळ स्त्रियांमध्ये जास्त. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी एक साधी रक्ततपासणी झाली असती तर कदाचित १२८ वरच गाडी थांबली असती. मळमळ सुरू झाल्यावर गोळी बंद करून विचारा, एवढं जरी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

दुसरं, दर तासाची लघवी मोजणं नवव्या तासाच्या आधीपासून चालू होतं, पण कुणी फोन करावा असा आकडा लिहिलेला नव्हता. तासाला १०० मिलीलिटरच्या वर सौम्य लघवी दिसली की कळवा, असं तक्त्यावर लिहिलं असतं तर सोडियम १२१ ला न पोचता ११९ लाच कळलं असतं. मला वाटतं सोडियमच्या तपासणीइतकीच ही नोंद मोलाची आहे, कारण रक्ताचा आकडा जे झालं ते सांगतो आणि लघवी पुढे काय होणार ते.

तिसरं जरा वादाचं आहे. काही गट अशा रुग्णांना लघवी वाढायची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच डेस्मोप्रेसिन देतात आणि सोडियम पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेवतात. या बाईंमध्ये मळमळ आणि गोळी ही दोन्ही कारणं लवकर दूर होणारी होती, म्हणजे उसळी येणार हे आधी ओळखता आलं असतं. इथे तो मार्ग चांगला ठरला असता. पण जिथे व्हॅसोप्रेसिन आजारामुळेच चढलेलं राहतं, अशा रुग्णांना त्याचा काही उपयोग नसतो, आणि पाण्यावर लक्ष नसलेल्या वॉर्डात तर तो घातकही ठरतो. सगळ्यांना सरसकट नको.

मर्यादेबद्दलही मतभेद वाढले आहेत. मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांत मायलिन झडणं फार क्वचित आढळलं, आणि अति हळू सुधारणा करण्याचेही तोटे असू शकतात असं दिसू लागलं आहे. त्यामुळे १२१ वरून ११९ वर मुद्दाम खाली आणणं गरजेचं होतं का, यावर त्या गटातच आजही एकमत नाही. माझा कल गरजेचं होतं असा आहे. बाईंचं सोडियम फार खाली होतं, पोटॅशियम कमी होतं, खाणं आठवडाभर धड नव्हतं. सेंद्रिय रेणू परत गोळा करायला या पेशींना इतरांपेक्षा जास्तच वेळ लागला असता. सोडियम १२० च्या वर असलेल्या, नीट खाणाऱ्यापिणाऱ्या माणसात हाच आग्रह मी धरणार नाही.

घरी जातानाच्या कार्डावर 'थायझाइड गटातलं औषध पुन्हा देऊ नये' असं लाल शाईत लिहिलं, जुन्या बीपीच्या गोळीचा डोस वाढवला, आणि एका आठवड्याने सोडियम-पोटॅशियम तपासायची तारीख घातली. मुलाने पाण्याचं विचारलं, तेव्हा तहान लागेल तेवढंच, असं उत्तर मिळालं.